केवलादेवचे पाणी, म्हशी आणि गव्हाचे बियाणे

राजस्थानातील भरतपूर शहराला लागून असलेले केवलादेव घना राष्ट्रीय उद्यान पक्षिनिरीक्षकांना चांगले परिचित आहे. शेतीक्षेत्रात काम करणाऱ्यांनी त्याचा अभ्यास करावा, याचे कारण मात्र निराळे आहे. गेल्या चार दशकांत या पाणथळ क्षेत्रावर जी संकटे आली, त्यांतील बहुतेकांची मुळे उद्यानाच्या दगडी भिंतीबाहेर होती: शेतात, गोठ्यात आणि धरणाच्या दरवाजांत. जी दुरुस्ती होऊ शकली, तिलाही भिंतीबाहेरील लोकांचा हात लागल्याशिवाय गती आली नाही.

उद्यानाचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून त्यातील जवळपास एक तृतीयांश भाग पावसाळ्यानंतर पाण्याखाली असतो. हे पाणथळ निसर्गतः सखल अशा भूभागावर माणसाने घडवले आहे. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या संगमाजवळ अजान बांध घालण्यात आला. पुढे भरतपूरच्या संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठी कालवे, बांध आणि दरवाजे बांधून या सखल भागाचे अनेक कप्पे केले. १९३८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेल्याची नोंद उद्यानातील शिलालेखावर आजही वाचता येते. १९५६ मध्ये येथे पक्षी अभयारण्य झाले, १९८१ मध्ये हे क्षेत्र रामसर यादीत आले, त्याच सुमारास त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९८५ मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक वारसास्थळ म्हणून नोंद केली.

हा इतिहास येथे देण्याचे कारण असे की, माणसाने घडवलेले पाणथळ माणसाने सोडून दिले तर ते आपोआप ‘मूळ स्थितीत’ जात नाही. ते कोरडे पडते, नाहीतर गवताने आणि झुडपांनी भरून जाते. कोणत्या कप्प्यात किती पाणी, कोणत्या महिन्यात आणि किती खोलीपर्यंत, हे दरवर्षी ठरवावे लागते. गावतळ्याची किंवा पाझर तलावाची देखभाल करणाऱ्यांना हे सांगण्याची गरज नाही.

म्हशी गेल्या आणि गवत आले

राष्ट्रीय उद्यान झाल्यावर नियमानुसार चराई बंद करणे आले. १९८२ मध्ये ती बंद झाली. भोवतालच्या गावांची गुरे, विशेषतः म्हशी, पिढ्यान्पिढ्या येथे चरत होत्या. बंदीला तीव्र विरोध झाला, पोलिसांचा गोळीबार झाला आणि काही गावकऱ्यांचे प्राण गेले. गुरे हटली की पक्ष्यांना अन्न व निवांतपणा मिळेल, त्यांची संख्या वाढेल, अशी त्या वेळी तज्ज्ञांची धारणा होती.

प्रत्यक्षात उलटे घडले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली १९८० ते १९९० या दशकात येथे सविस्तर परिसंस्था-अभ्यास केला. चराईबंदीपूर्वीची आणि नंतरची अशी दोन्ही स्थिती त्यात टिपली गेली. म्हशी पाण्यात उतरून पास्पॅलम डिस्टिकम हे पाण्यावर पसरणारे गवत खात आणि तुडवत असत. त्या गेल्यावर या गवताचे जाड गालिचे कप्प्याकप्प्यांत पसरले, मोकळे पाणी आक्रसले आणि बदकांना पोहण्या-चरण्यास जागा उरली नाही. म्हशी या परिसंस्थेचा घटक होत्या, असा निष्कर्ष अभ्यासातून निघाला. १९९० मध्ये केवलादेवची नोंद रामसर कराराच्या माँट्रो नोंदवहीत, म्हणजे ज्यांच्या परिस्थितीकीय स्वरूपात बिघाड होत आहे अशा पाणथळांच्या यादीत झाली. पाण्याची टंचाई आणि चराईचे बिघडलेले संतुलन ही त्यामागची प्रमुख कारणे होती.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने या घटनेत आणखी एक पदर आहे. पाणथळातील बहुतेक पक्षी एका ना एका टप्प्यावर कीटकांवर पोसले जातात. शाकाहारी मानल्या जाणाऱ्या अनेक बदकांची पिल्लेदेखील पहिले काही आठवडे प्रामुख्याने जलकीटकांवर वाढतात, कारण पिसांच्या वाढीसाठी लागणारी प्रथिने त्यांतूनच मिळतात. तळाच्या चिखलातील कायरोनॉमिड माशांच्या तांबड्या अळ्या हे या अन्नसाखळीचे मोठे कोठार. या अळ्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असल्याने त्या प्राणवायू कमी असलेल्या चिखलातही तग धरतात. परंतु पाण्याच्या पृष्ठभागावर गवताचा किंवा जलपर्णीचा सलग थर बसला की प्रकाश खाली पोहोचत नाही, शैवालाची वाढ थांबते, कुजणाऱ्या पाल्याने उरलासुरला प्राणवायू संपतो. मग या चिवट अळ्याही कमी होतात. चतुर आणि टाचणी यांच्या पाण्यातील अवस्था, पाण्यातील भुंगेरे व ढेकूणवर्गीय शिकारी कीटक हे तर त्याआधीच नाहीसे होतात. उथळ पाणी, मोकळे चिखलाचे पट्टे आणि मधूनमधून वनस्पतींचे बेट अशी सरमिसळ जेथे असते तेथे कीटकांची विविधता सर्वाधिक असते. ती सरमिसळ म्हशींच्या वावरामुळे टिकत होती.

‘पाणथळ म्हणजे डासांचे आगर’ अशी तक्रार विस्तार कार्यकर्त्यांच्या कानांवर अनेकदा येते. ज्या तळ्यात मासे, चतुरांची पिल्ले आणि शिकारी जलकीटक नांदत आहेत तेथे डासांच्या अळ्या फारशा वाढू शकत नाहीत. डास वाढतात ते शिकारी नसलेल्या साचलेल्या डबक्यांत, टाक्यांत, टाकाऊ टायरांत, आणि जलपर्णीच्या दाट थराखाली जेथे मासे पोहोचू शकत नाहीत. निरोगी पाणथळातून उडणारे चतुर भोवतालच्या भातशेतीत तुडतुडे आणि पतंगांवर ताव मारतात, हा शेतकऱ्याचा वेगळा लाभ.

विषारी बियाण्याची दोन प्रकरणे

केवलादेवच्या इतिहासातील जे प्रकरण प्रत्येक कृषी पदवीधराला माहीत असावे असे मला वाटते, ते सारस क्रौंचांच्या मृत्यूचे आहे. १९८७ ते १९९० या काळातील हिवाळ्यांत उद्यानात १८ सारस मृत आढळले. त्यांच्यासोबत काही धान्यभक्षी पक्षीही, विशेषतः कवडे, मेले होते. शिकारीच्या खुणा नव्हत्या, रोगाचीही लक्षणे नव्हती. डॉ. एस. मुरलीधरन यांनी या पक्ष्यांच्या ऊतींचे रासायनिक पृथक्करण केले, तेव्हा त्यांत डिल्ड्रिनचे घातक प्रमाण आढळले. हे संशोधन १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले.

डिल्ड्रिन आले कोठून? भरतपूरच्या हलक्या, रेताड जमिनीत गव्हाला वाळवीचा उपद्रव मोठा. त्यावर त्या काळी आल्ड्रिन हे क्लोरीनयुक्त कीटकनाशक सर्रास वापरले जाई. आल्ड्रिन जमिनीत आणि प्राण्याच्या शरीरात गेल्यावर त्याचे रूपांतर डिल्ड्रिनमध्ये होते. डिल्ड्रिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत विरघळते आणि वर्षानुवर्षे टिकते. पक्ष्याने रोज थोडे थोडे खाल्ले तरी ते चरबीत साठत जाते. थंडीत किंवा उपासमारीत चरबी वापरली जाऊ लागली की साठलेले विष रक्तात उतरून मेंदूपर्यंत पोहोचते. म्हणूनच विष पोटात गेल्यावर बऱ्याच काळाने मृत्यू येऊ शकतो आणि कारण चटकन हाती लागत नाही.

सारस हा सावकाश चालत, चोचीने माती उकरत अन्न शोधणारा पक्षी आहे. नुकत्याच पेरलेल्या, ओलसर, भुसभुशीत गव्हाच्या रानाइतके सोपे चरण्याचे ठिकाण त्याला दुसरे नाही. पेरणीचा हंगाम आणि सारसांचे भिंत ओलांडून शेतात येणे एकाच वेळी घडते. शेतकऱ्याने कोणाला मारण्यासाठी काही केले नव्हते. शिफारशीप्रमाणे वाळवीचा बंदोबस्त केला होता. शिफारस करणारे आपण होतो, हे आपल्या क्षेत्राने विसरू नये.

आल्ड्रिनवर पुढे देशभर बंदी आली. प्रश्न मिटला, असे त्या वेळी अनेकांना वाटले असेल. परंतु २००० साली उद्यानालगतच्या शेतात १५ सारस आणि ३ सामान्य क्रौंच मृत आढळले. या वेळी पक्ष्यांच्या पचनमार्गात गव्हाचे दाणे आणि मोनोक्रोटोफॉसचे अंश सापडले. मोनोक्रोटोफॉस चरबीत साठत नाही, जमिनीत वर्षानुवर्षे टिकतही नाही. त्या अर्थाने ते आल्ड्रिनपेक्षा ‘सुधारित’ होते. मात्र ते मज्जासंस्थेतील कोलिनएस्टरेज या विकराला रोखते आणि पक्ष्यांच्या बाबतीत त्याची तीव्र विषारिता अतिशय जास्त आहे. येथे मृत्यू सावकाश आला नाही. पक्षी शेतातच पडले. रसायनाचा गट बदलला, विषारी दाण्याचा मार्ग तोच राहिला. हेच मोनोक्रोटोफॉस २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यातील फवारणीच्या विषबाधेच्या चर्चेतही पुढे आले होते. पक्ष्याला मारणारे औषध फवारणी करणाऱ्या मजुरालाही सोडत नाही, एवढे यातून दिसावे.

आज बीजप्रक्रियेसाठी प्रामुख्याने निओनिकोटिनॉइड गटातील औषधे वापरली जातात. सस्तन प्राण्यांना ती तुलनेने कमी घातक आहेत आणि बीजप्रक्रियेत एकरी लागणारे औषध फवारणीपेक्षा पुष्कळच कमी असते. त्यामुळे बीजप्रक्रिया बंद करा, असे माझे म्हणणे नाही. तथापि इमिडाक्लोप्रिड लावलेले थोडेसे दाणेही लहान धान्यभक्षी पक्ष्याला घातक ठरू शकतात. शिवाय ही औषधे पाण्यात सहज विरघळतात आणि जलकीटकांना अत्यल्प प्रमाणातही मारक असतात. नेदरलँड्समध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या भागांतील पाण्यात इमिडाक्लोप्रिडचे प्रमाण अधिक होते तेथे कीटकभक्षी पक्ष्यांची संख्या अधिक वेगाने घटल्याचे दिसून आले. विष पक्ष्याच्या पोटात गेले नाही तरी त्याचे अन्न नाहीसे होते, हा तिसरा मार्ग.

पाणी कोणाचे

उद्यानाची वार्षिक गरज सुमारे ५५० दशलक्ष घनफूट मानली जाते. पूर्वी हे पाणी गंभीर नदीतून अजान बांधात आणि तेथून कालव्याने उद्यानात येई. गंभीरवर करौली जिल्ह्यात पांचना धरण झाल्यावर हा ओघ अनिश्चित झाला. धरणाचे पाणी आपल्या शेतीला मिळावे, अशी तेथील शेतकऱ्यांची मागणी होती. तीत गैर काही नाही. ज्याच्या डोळ्यांसमोर पीक वाळत आहे त्याला दूरच्या पक्ष्यांसाठी दरवाजा उघडा म्हणणे सोपे नसते. पण परिणाम असा झाला की २००४ नंतरच्या काही वर्षांत उद्यानाचा मोठा भाग कोरडा राहिला, चित्रबलाकांसारख्या पक्ष्यांच्या विणीच्या वसाहती ओस पडल्या आणि जागतिक वारसा समितीलाही काळजी व्यक्त करावी लागली.

त्यानंतर पर्यायी स्रोत उभे राहिले. गोवर्धन निचरा कालव्यातून पुराचे पाणी नळमार्गाने आणण्याची योजना झाली. तीतून सुमारे ३५० दशलक्ष घनफूट अपेक्षित होते. चंबळच्या पाणीपुरवठा योजनेतूनही ६२.५ दशलक्ष घनफुटांचा वाटा ठरला. उद्यान वाचले ते यांमुळे. तरीही सर्व पाणी सारखे नसते. नदीचा पूर आपल्याबरोबर माशांची अंडी, मत्स्यबीज आणि प्लवक घेऊन येतो. विहिरीचे किंवा उपसा केलेले पाणी कप्पा भरते, पण त्यात चित्रबलाकांच्या पिल्लांना पुरेल एवढी मासळी नसते. निचरा कालव्याचे पाणी तर शेतांतूनच वाहत येते. त्याबरोबर नत्र, स्फुरद आणि कीटकनाशकांचे अंश येणार, हे गृहीत धरून पाण्याची नियमित तपासणी करणे आवश्यक आहे. मैलोन्‌मैल दूरच्या शेतकऱ्याचा फवारणी पंप अशा रीतीने उद्यानाशी जोडला गेला आहे.

सायबेरियन क्रौंच मात्र परत आले नाहीत. १९६०च्या दशकात येथे दोनशेच्या आसपास असलेला हा थवा आटत गेला आणि २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. स्थलांतराच्या मार्गावरील शिकार हे त्याचे एक मोठे कारण. येथे त्यांचे मुख्य अन्न पाण्याखालील चिखलातील कंद, त्यांत लव्हाळ्याच्या वंशातील वनस्पतींचे कंदही आले. जो लव्हाळा उपटता उपटता शेतकरी मेटाकुटीला येतो, त्याच्या भाईबंदांवर सैबेरियातून येणारा हा पक्षी पोसला जात होता.

आगंतुकांचा बंदोबस्त

कोरड्या वर्षांचा सर्वाधिक फायदा वेड्या बाभळीने घेतला. उघड्या पडलेल्या तळावर तिने झपाट्याने पाय रोवले. तोडली तर ती बुंध्यापासून पुन्हा फुटते, म्हणून मुळासकट खणून काढणे हाच खात्रीचा उपाय. वनविभागाने भोवतालच्या गावांतील पर्यावरण-विकास समित्यांना सोबत घेतले. गावकऱ्यांनी झाडे मुळासह उपटायची आणि लाकूड त्यांनीच न्यायचे, असे ठरले. १९८२ मध्ये ज्या लोकांना भिंतीबाहेर काढले, त्यांनाच दोन दशकांनंतर कुदळ-फावड्यांसह आत बोलवावे लागले. माझ्या मते केवलादेवच्या पुनरुज्जीवनातील ही सर्वांत शहाणपणाची पायरी होती. त्यात खर्च कमी, सरपण गावाला आणि काम पक्के.

जलपर्णीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण तो प्रश्न देशातील जवळपास प्रत्येक तलावाचा आहे. तिच्यावर जगणारे निओकेटिना वंशातील दोन भुंगेरे बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने १९८२ मध्ये आयात केले आणि विशिष्टतेच्या चाचण्यांनंतर सोडले. प्रौढ भुंगा पानावर खरवडल्यासारखे चौकोनी डाग पाडतो. खरे नुकसान अळी करते. ती देठ पोखरत खोडाच्या गाभ्यापर्यंत जाते, वाढीचा कोंब मरतो, पाणी शिरून झाड कुजते आणि बुडते. कोष मुळांवर तयार होतो. मणिपूरच्या लोकताक सरोवरासह अनेक ठिकाणी या भुंग्यांनी उत्तम काम केले. साल्व्हिनियावर सिर्टोबॅगस या भुंग्याने केरळमध्ये मिळवलेले यश तर जैविक नियंत्रणाच्या पाठ्यपुस्तकांत गेले आहे.

परंतु हे भुंगे सोडले की काम झाले, असा समज करून घेऊ नये. दाट थर आटोक्यात यायला दोन ते चार वर्षे लागतात. मध्येच यंत्राने सगळी जलपर्णी काढली किंवा तणनाशक मारले, तर भुंगेही तिच्याबरोबर जातात आणि चिखलातील बियांतून नवी जलपर्णी भुंग्यांविना वाढते. ज्या तलावात गावाचे सांडपाणी किंवा खतांचा निचरा सतत येतो तेथे जलपर्णीची वाढ भुंग्यांना मागे टाकते. केवलादेवसारख्या, उन्हाळ्यात बराचसा आटणाऱ्या पाणथळात तर भुंग्यांची संख्या टिकवणेच कठीण. अशा ठिकाणी पावसाळ्यानंतर, फुले येण्यापूर्वी हाताने काढणी करून ती पाण्यापासून दूर कंपोस्ट करणे अधिक व्यवहार्य आहे. एकदा बी चिखलात पडले की ते वर्षानुवर्षे जिवंत राहते, त्यामुळे फुलोऱ्यानंतरची काढणी म्हणजे निम्मे काम वाया.

आफ्रिकन मांगूर हा तिसरा आगंतुक. हा खादाड मासा उद्यानात शिरला आणि स्थानिक मासळीवर तुटून पडला. तो काढण्याचे काम अनेक वर्षे करावे लागले. भारतात याच्या संवर्धनास मनाई आहे, तरीही तो शेततळ्यांत चोरून पाळला जातो. पुराच्या एका लोंढ्यात तो कोठे पोहोचेल, याचा नेम नसतो.

आपल्याकडील सारस

महाराष्ट्रात सारस आज प्रामुख्याने गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत उरला आहे, तोही अल्प संख्येने. तो घरटे करतो भाताच्या बांधीत किंवा माजी मालगुजारी तलावाच्या उथळ कडेला, म्हणजे जवळजवळ पूर्णतः शेतकऱ्याच्या मर्जीवर. तेथे राष्ट्रीय उद्यानाची भिंत नाही. याच भागातील काही तलावांत धीवर समाजाच्या स्त्री-पुरुषांनी बेशरमाची झुडपे उपटून स्थानिक जलवनस्पती पुन्हा लावल्या, आणि त्यामुळे मासळी व पक्षी दोन्ही परतल्याचा अनुभव आहे. केवलादेवला जे कळायला दशके लागली ते तलावावर पोट असलेल्यांना ठाऊक होते. नाशिक जिल्ह्यातील नांदूरमध्यमेश्वर, म्हणजे राज्यातील पहिले रामसर क्षेत्र, हेही चहूबाजूंनी ऊस, द्राक्षे आणि कांद्याच्या शेतीने वेढलेले आहे.

अशा पाणथळांलगतच्या गावांत काम करणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यांनी रब्बीपूर्वीच्या बैठकांत वाळवीचा विषय काढावा. कच्चे शेणखत आणि न कुजलेली धसकटे वाळवीला आमंत्रण देतात. पूर्ण कुजलेले खत आणि वेळेवर ओलीत यांनी उपद्रव बराच कमी होतो, आणि मग औषधाची गरज खरोखर आहे का हे तपासता येते. प्रक्रिया केलेले बियाणे फोकून पेरू नये. पाभरीने किंवा पेरणी यंत्राने पाच-सहा सेंटिमीटर खोल पेरून नीट झाकावे. दाणे उघडे पडतात ते मुख्यतः यंत्र वळवण्याच्या जागी, बांधाकडेच्या पट्ट्यात आणि पिशवी रिकामी करताना. पेरणी आटोपल्यावर तेवढा भाग फिरून पाहून सांडलेले दाणे मातीआड करण्यास एका माणसाला एकरी पंधरा-वीस मिनिटांहून अधिक वेळ लागू नये. उरलेले प्रक्रियायुक्त बियाणे कोंबड्यांना घालू नये, तळ्यात टाकू नये. खोल खड्ड्यात पुरावे. फवारणी पंप तलावात किंवा ओढ्यात धुण्याची सवय तर आजच मोडायला हवी. धुण्याचे पाणी त्याच शेतातील पडीक कोपऱ्यात, विहिरीपासून आणि पाण्याच्या उतारापासून दूर जिरवावे. तलावाच्या काठालगत काही मीटरचा गवताचा पट्टा न नांगरता राखला तर पावसाबरोबर वाहून येणारी माती आणि औषधाचे अंश बऱ्याच प्रमाणात तेथेच अडतात. आणि त्या गवताच्या काड्यांना धरूनच चतुरांची पिल्ले पाण्याबाहेर येऊन कात टाकतात.